अ‍ॅडॉप्टरमधली रिकामी जागा

सिडकोतल्या आमच्या घरी बाबा अजूनही मिडियम वेव्हवर पुणे आकाशवाणी लावतात, ७९२ किलोहर्ट्झ. सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर जळाला म्हणून एमजी रोडवरून स्वस्तातला दुसरा आणला आणि बातम्यांवर खरखर चढली. अ‍ॅडॉप्टर उपसला की आवाज लख्ख.

हा अ‍ॅडॉप्टर म्हणजे एसएमपीएस, स्विच मोड पॉवर सप्लाय. तो २३० व्होल्ट एसीचा साधारण ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि ट्रान्झिस्टरने त्याची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर इवलासा पुरतो. पण उघडझाप झटक्याने होते, म्हणून मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरीही उमटतात. ही उघडझाप चालवणाऱ्या पुष्कळ चिप, म्हणजे कंट्रोलर, ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. ६६ धरा, बारावी पट थेट ७९२!

ही खरखर वायरिंगमध्ये शिरू नये म्हणून फेज आणि न्यूट्रलमध्ये एक कपॅसिटर घालतात, जोडीला अशा वेगवान लहरी अडवणारी चोक कॉइल. खरी गंमत इथे आहे. प्लग काढल्यावर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, पिनांना बोट लागलं तर झटका बसेल. म्हणून त्याला समांतर रेझिस्टर लावून चार्ज जिरवतात. प्लग लावलेला असेपर्यंत मात्र तो रेझिस्टर रात्रंदिवस वीज खातो: १ मेगाओहमला सुमारे ०.०५ वॅट. आकडा क्षुल्लक वाटेल, पण युरोपात ४९ वॅटपर्यंतच्या अ‍ॅडॉप्टरला लोड नसताना, म्हणजे पुढे काही चालू नसताना, ०.१ वॅटचीच मुभा आहे. म्हणजे निम्मी मर्यादा इथेच संपली. यावरचा तोडगा मला फार आवडतो: एक छोटी चिप एसी चालू असताना रेझिस्टर तोडून ठेवते आणि प्लग निघाल्यावरच जोडते.

बाकीची बचत कंट्रोलर करतो. लोड नसला की तो बरेचसे स्पंद गाळतो. उरलेले स्पंद झुबक्याझुबक्याने येतात. या झुबक्यांची गती कानाला ऐकू येईल इतकी उतरली, तर रात्री अ‍ॅडॉप्टर बारीक चिरचिरतो. काही चिप वारंवारता मुद्दाम थोडी मागेपुढे हलवतात. मग गोंगाट एकाच जागी न साचता पसरतो.

प्लग काढून, बराच वेळ थांबून मी आमचा अ‍ॅडॉप्टर उघडला. बोर्डावर कपॅसिटरसाठी चौकोन छापलेला होता, भोकंही होती, कपॅसिटर नव्हता. चोकच्या जागी तारेचे दोन तुकडे डकवलेले.