घरावरचा तिरंगा अर्ध्यावर कधी आणि कसा उतरवायचा? आदेश, कागदपत्रं आणि पद्धत

यासाठी अर्जाचा नमुना नाही, शुल्क नाही, तहसील कार्यालयाची किंवा पोलीस ठाण्याची परवानगीही लागत नाही. तरीही राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवणं घरमालकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. सरकारच्या आदेशाने सार्वजनिक इमारतींवरचा ध्वज ज्या दिवशी आणि ज्या भागात अर्ध्यावर आणला जातो, त्याच दिवशी आणि त्याच भागात तो घरावरही अर्ध्यावर ठेवता येतो. एरवी तसं केलं तर तो ध्वजाचा अवमान ठरतो. भारतीय ध्वज संहिता, २००२ हे सांगतेच, शिवाय राष्ट्र प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्येही अवमानाच्या व्याख्येत याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ‘माझ्या गच्चीवर मी काहीही करीन’ हा बचाव इथे चालत नाही, कारण लोकांच्या नजरेला पडेल अशी कुठलीही जागा कायद्याच्या कक्षेत येते.

म्हणजे घरातले स्वातंत्र्यसैनिक आजोबा गेले, सोसायटीचे संस्थापक अध्यक्ष गेले, शाळेचे लाडके मुख्याध्यापक गेले, तरी ध्वज अर्ध्यावर आणता येत नाही. गावचा जवान शहीद झाला तरी आदेशाशिवाय नाही. भावना कितीही खरी असली तरी हा दुखवटा शासनाचा असतो, कुटुंबाचा नव्हे.

हक्क कोणाला, सक्ती कोणाला

ध्वज संहितेचा मान राखून वर्षभर घरावर ध्वज फडकवण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. उद्योजक नवीन जिंदल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. अर्ध्यावर ठेवण्याचे सविस्तर नियम मात्र संहितेच्या तिसऱ्या भागात, म्हणजे सरकारी इमारतींच्या भागात आहेत. नागरिकाला त्या दिवशी तशी मुभा आहे, सक्ती नाही. नीट जमणार नसेल तर ध्वज उतरवून घडी करून ठेवावा, हे आमचं मत. अर्धवट केलेल्या दुखवट्यापेक्षा ते बरं.

आदेश कसा वाचायचा

केंद्रीय पातळीवरचा आदेश गृह मंत्रालय काढतं. महाराष्ट्रात सामान्य प्रशासन विभागाची राजशिष्टाचार शाखा परिपत्रक काढते. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या भागात, आणि ध्वजाचा उल्लेख आहे का. सर्वात जास्त चुका भागाबाबत होतात.

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान यांचं निधन झालं तर संपूर्ण देशात ध्वज अर्ध्यावर येतो. लोकसभेचे अध्यक्ष आणि सरन्यायाधीश यांच्यासाठी फक्त दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांसाठी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांत, केंद्रीय राज्यमंत्र्यांसाठी फक्त दिल्लीत. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यासाठी त्या संपूर्ण राज्यात, तर राज्याच्या कॅबिनेट मंत्र्यांसाठी राज्याच्या राजधानीत. निधनाची बातमी दुपारनंतर आली तर दुसऱ्या दिवशीही ध्वज अर्ध्यावर राहतो, मात्र त्या दिवशीच्या सूर्योदयाआधी अंत्यसंस्कार झालेले नसावेत. शासकीय दुखवटा जाहीर झाला की मुदत आणि व्याप्ती आदेशात लिहिलेली असते, तीच धरायची. परदेशी नेत्यांसाठी गृह मंत्रालय प्रत्येक वेळी वेगळी सूचना काढतं.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी गेले. दुसऱ्या दिवशीच्या केंद्राच्या दुखवट्यात ध्वज दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत अर्ध्यावर होता, गोव्याने स्वतःचा वेगळा दुखवटा पाळला. त्यामुळे केंद्राच्या आदेशानुसार त्या दिवशी मुंबईतल्या घराला मुभा होती, नाशिकच्या घराला नव्हती. याउलट लता मंगेशकर यांच्या निधनानंतर ६ आणि ७ फेब्रुवारी २०२२ रोजी, आणि डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर १ जानेवारी २०२५ पर्यंत आदेश देशभरासाठी होता.

दुखवटा चालू असताना मध्येच २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह किंवा राज्याचा स्थापना दिन आला, तर त्या दिवशी ध्वज पूर्ण उंचीवरच राहतो. महाराष्ट्रापुरता हा दिवस १ मे. अपवाद एकच: ज्या इमारतीत पार्थिव ठेवलेलं आहे ती इमारत, तीही पार्थिव हलवेपर्यंत.

जवळ ठेवायची कागदपत्रं

सक्तीचं काहीच नाही. पण आदेशाची प्रत फोनमध्ये जतन करून ठेवावी, शेजाऱ्याने विचारलं तर दाखवता येते. ‘उद्या देशभर दुखवटा’ असा नुसता फॉरवर्ड म्हणजे आदेश नव्हे, तारीख आणि सही असलेलं पत्रच पाहावं. सोसायटीच्या गच्चीवर किंवा कठड्याला स्तंभ बसवायचा असेल तर व्यवस्थापक समितीची लेखी संमती आधीच घ्यावी. तिचा संबंध ध्वजाशी नसून सामाईक जागेत भोकं पाडण्याशी आहे.

ध्वज लांबी-उंचीच्या ३:२ प्रमाणातच हवा. घरासाठी ९०० × ६०० मिलिमीटर किंवा ४५० × ३०० मिलिमीटर हे प्रमाणित आकार पुरतात. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर खादीबरोबर यंत्रावर विणलेलं कापड आणि पॉलिस्टरही चालतं. पावसाळ्यात पॉलिस्टर सोयीचं, कारण भिजलेली सुती खादी जड होऊन स्तंभाला चिकटते.

अर्ध्यावर म्हणजे नेमकं कुठे

स्तंभाला ताणतारा (तो सरळ उभा राहावा म्हणून बाजूंनी ओढून बांधलेल्या तारा) असतील तर शेंडा आणि तारा बांधल्याची जागा यांच्यातलं अर्धं अंतर, नसतील तर स्तंभाची अर्धी उंची. तेवढा ध्वज शेंड्यापासून खाली आणायचा. बारा फुटी स्तंभ, तारा नाहीत: ध्वज सहा फूट खाली येतो, वरची कड सहा फुटांवर आणि ६०० मिलिमीटरच्या ध्वजाची खालची कड चार फुटांवर. वीस फुटी स्तंभाला बारा फुटांवर तारा असतील तर ध्वज फक्त चार फूट खाली, म्हणजे वरची कड सोळा फुटांवर. ध्वज जेमतेम वीतभर खाली आणून ‘झालं’ म्हणणारे बरेच दिसतात. तो दोरी सैल पडल्यासारखा दिसतो.

आदल्या दिवशी स्तंभावर अर्ध्या उंचीला पातळ पांढरी पट्टी चिकटवा. दोरीला, जिथे ध्वजाची वरची कड येणार तिथे, रंगीत धागा बांधा आणि ध्वजाशिवाय एकदा वरखाली ओढून पाहा. कप्पी अडकते, की दोरी कप्पीच्या बाजूला उतरते, हे तेव्हाच कळतं.

मग खालची जागा बघा. बारा फुटी स्तंभावर वारा पडला की तीन फुटांचं कापड लोंबतं आणि त्याचा कोपरा गच्चीपासून दोन फुटांच्या आसपास येतो. तिथे कुंडी, कपड्यांची दोरी, डिशची वायर किंवा एसीचं बाहेरचं युनिट असेल तर ध्वज त्यात अडकून फाटतो. स्तंभ दहा फुटांपेक्षा छोटा असेल तर ४५० × ३०० चा ध्वज वापरावा. ध्वज जमिनीला किंवा साचलेल्या पाण्याला लागता कामा नये.

चढवणं आणि उतरवणं

ध्वज उलगडूनच दोरीला बांधा, केशरी पट्टा वर. झेंडावंदनाला बांधतात तशी फुलं घातलेली गुंडाळी आणि सरकगाठ इथे नको, ती शेंड्यावर वेळेत सुटली नाही तर मध्येच अडकलेलं गाठोडं खाली आणावं लागतं. ध्वज झटकन शेंड्यापर्यंत न्या. तिथे क्षणभर थांबा. मग सावकाश खुणेपर्यंत आणा आणि दोरी खुंटीला घट्ट आवळा. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, एका फेऱ्याने भागत नाही. रात्री वारा सुटला की ध्वज आपोआप सरकतो आणि सकाळी भलत्याच उंचीवर सापडतो.

संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा शेंड्यापर्यंत नेऊनच खाली घ्यायचा. हीच पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. जुलै २०२२ च्या दुरुस्तीपासून घरावरचा ध्वज रात्रंदिवस ठेवता येतो, तरी दुखवट्यात रोज उतरवलेला बरा. कापड, गाठ आणि दोरी तिन्ही रोज नजरेखालून जातात. फाटका किंवा उसवलेला ध्वज दुखवट्यातही लावता येत नाही.

घडी घालताना ध्वज आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी करायची की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल.

हमखास होणारे घोळ

गच्चीवर भगवा, पक्षाचा किंवा क्लबचा झेंडा आधीपासून असेल तर तिरंगा खाली आला की तो वर राहतो. दुसरा कोणताही ध्वज तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने चालत नाही, त्यामुळे तो आधी काढून ठेवावा. एकाच स्तंभावर दोन ध्वज तर कधीच नाहीत. काळी फीत बांधण्याची हौसही नको. संचलनात नेल्या जाणाऱ्या ध्वजाच्या काठीच्या भाल्यासारख्या टोकालाच तशा दोन फिती लावतात, आणि तेही फक्त सरकारी आदेशाने. बाल्कनीत तिरक्या काठीला कायमचा शिवलेला ध्वज काठीच्या मध्यावर बांधणं म्हणजे अर्ध्यावर उतरवणं नव्हे. तो शेंड्यापर्यंत नेताच येत नाही, तेव्हा काढून घडी करून ठेवावा.

अमेरिकेत स्थायिक मराठी घरांना तिथल्या ध्वजासाठी तिथला कायदा लागतो. आदेश राष्ट्राध्यक्षांचा किंवा राज्याच्या गव्हर्नरचा असतो, आणि मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी, ध्वज दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर ठेवून मग शेंड्यावर नेतात. भिंतीला पक्क्या बसवलेल्या काठीवर काळी फीत लावण्याची पद्धत तिथे रूढ आहे. ब्रिटनमध्ये ध्वज स्तंभाच्या मध्यावर न येता साधारण दोन तृतीयांश उंचीवर थांबतो, त्यामुळे तिथले फोटो पाहून इथली खूण ठरवू नये.