फ्रीड्रिखचा अटॅक्सिया: संशय लोहावर, दोष वेगळाच

जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डॉक्टर निकोलाउस फ्रीड्रिख यांनी १८६३ साली या आजाराचे पहिले वर्णन केले. अटॅक्सिया म्हणजे हालचालींचा ताळमेळ बिघडणे. वयात येण्याच्या सुमारास चाल अडखळते, हात नेम धरू शकत नाहीत, बोलणे जड होते आणि एकाच घरातल्या भावंडांना हे होते, एवढे त्यांच्या लक्षात आले होते. कारण कळायला मात्र १९९६ उजाडावे लागले.

त्या वर्षी नवव्या गुणसूत्रावरचे दोषी जनुक सापडले. जीएए ही डीएनएची तीन अक्षरे त्यात सलग पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात फार तर तीसेक वेळा, तर रुग्णांत शेकडो, कधी हजाराहूनही अधिक वेळा. ही लांबण वाढली की जनुकाचे वाचन मंदावते आणि फ्रॅटॅक्सिन नावाचे प्रथिन फारच कमी तयार होते. आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत सदोष असलेले आईवडील स्वतः ठणठणीत असतात.

फ्रॅटॅक्सिन करते काय? याचा एक धागा आधीच हाती होता. १९८० मध्येच रुग्णांच्या हृदयस्नायूत लोहाचे कण दिसल्याची नोंद झाली होती. १९९७ मध्ये यीस्टमधले याच जातीचे प्रथिन काढून टाकल्यावर त्याच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, लोह साठले. मग चित्र सरळ वाटू लागले: जादा लोह, त्यातून घातक ऑक्सिजन-रेणू, त्यांनी पोळलेली पेशी. उपायही ठरल्यासारखेच होते, लोह काढा किंवा अँटिऑक्सिडंट द्या.

प्रत्यक्षात दोन्ही उपाय फसले. आयडेबेनोन या अँटिऑक्सिडंटवर मोठी भिस्त होती. १९९९ मध्ये अवघ्या तीन रुग्णांवरच्या निरीक्षणात हृदयाची वाढलेली जाडी कमी झाल्याचे दिसले आणि आशा पल्लवित झाल्या. पण मोठ्या चाचण्यांत त्याला ठोस फायदा दाखवता आला नाही. लोह बांधून बाहेर काढणारे डेफेरिप्रोन जास्त मात्रेत दिले, तेव्हा रुग्णांचा तोल उलट आणखी ढासळला.

खरे तर धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. १९९७ मध्येच रुग्णांच्या हृदयाचे तुकडे तपासताना लोह-गंधकाचे गुच्छ वापरणारी एन्झाइमे निकामी झालेली आढळली होती. २००१ मध्ये उंदरांत दिसले की लोह साठते ते आजार सुरू झाल्यानंतर. म्हणजे फ्रॅटॅक्सिन हे गुच्छ जुळवायला मदत करते, ते जुळले नाहीत की ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि लोहाचा साठा हा त्याचा मागाहूनचा परिणाम. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महाग पडलेला गैरसमज हाच: डोळ्यांना दिसले त्यालाच गुन्हेगार मानले गेले.

दरम्यान तपास दुसऱ्या दिशेनेही चालू होता. पेशीवर ताण आला की एनआरएफ-२ हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि बचावाची अनेक जनुके एकदम चालू करते. एरवी कीप-१ नावाचे प्रथिन त्याला अडवून ठेवते आणि त्याची विल्हेवाट लावते. २००९ मध्ये असे दिसले की या रुग्णांच्या पेशींत ताण असूनही एनआरएफ-२ केंद्रकात नीट पोहोचतच नाही. मार खायचा आणि प्रतिकारही करायचा नाही, अशी पेशीची दुहेरी कोंडी. बाहेरून अँटिऑक्सिडंट ओतून ती कशी सुटणार?

ओमॅव्हेलोक्सोलोन हे औषध कीप-१ची ही पकड ढिली करते. ४८ आठवड्यांच्या चाचणीत बोलणे, हातांचा नेम, पायांचा ताळमेळ आणि उभे राहणे मोजणाऱ्या ९३ गुणांच्या मापनपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात २.४ गुणांचा फरक पडला. आकडा किरकोळ वाटतो, पण दरवर्षी गुण गमावत जाणाऱ्या आजारात तो लहान नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १६ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. या आजारासाठी तेथे मान्य झालेले हे पहिले औषध. यकृताची एन्झाइमे वाढू शकतात, म्हणून रक्ततपासणी करत राहावी लागते. आणि लक्षणे बहुधा ५ ते १५ वर्षांच्या वयातच सुरू होतात, हा वयाचा पेच उरतोच.

हे औषध मूळ तुटवडा मात्र भरून काढत नाही. त्यासाठी फ्रॅटॅक्सिनच पेशीत पोहोचवण्याचे किंवा जनुकाची चांगली प्रत देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. तिथली अडचण मात्रेची आहे: उंदरांच्या हृदयात हेच प्रथिन प्रमाणाबाहेर वाढले, तेव्हा तेही विषारी ठरले.