दरडोई उत्पादन आणि सामान्यांचे जीवनमान : कोकण किनारपट्टी

एखाद्या प्रदेशात वर्षभरात झालेल्या मूल्यवर्धनाची (कच्च्या मालाचा खर्च वजा जाता नव्याने निर्माण झालेल्या मूल्याची) बेरीज करून तिला त्या प्रदेशाच्या लोकसंख्येने भागले असता जो आकडा येतो, त्याला दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादन किंवा दरडोई जीडीपी म्हणतात. महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्यांसाठी असाच आकडा काढते आणि अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळापुढे येणाऱ्या आर्थिक पाहणीत तो छापला जातो. वर्तमानपत्रे त्यालाच माणशी उत्पन्न म्हणतात आणि त्यावरून कोणता जिल्हा संपन्न व कोणता मागास हे ठरवून मोकळी होतात. पालघरपासून दोडामार्गापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर मात्र उत्पादन एका ठिकाणी होते, माणसे दुसऱ्या ठिकाणी मोजली जातात आणि पैसा तिसऱ्याच ठिकाणी खर्च होतो. या आकड्याचे सर्वसाधारण दोष सगळीकडे सारखेच असले, तरी कोकणात त्यांत या तीन ठिकाणांच्या फारकतीची भर पडते.

भारतात माणशी उत्पन्नाचा पहिला गाजलेला अंदाज दादाभाई नौरोजी यांचा आहे. १८६७-६८ या वर्षासाठी त्यांनी तो २० रुपये इतका काढला आणि १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधांतून मांडला. त्यांची पद्धत आजही लक्षात घेण्यासारखी आहे, कारण नुसत्या सरासरीवर न थांबता त्यांनी ती तुरुंगातील कैद्याला दिल्या जाणाऱ्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिली. माणसाला जगायला काय लागते, हा प्रश्न त्यांनी आकड्याच्या शेजारीच ठेवला होता. पुढे अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी अधिक पद्धतशीर अंदाज केला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्र. चं. महालनोबिस होते आणि राव यांच्याबरोबर धनंजयराव गाडगीळ हे तिचे सदस्य होते. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये तेथील काँग्रेसला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल सादर करतानाच अशा मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणे कठीण आहे, असे बजावले होते. म्हणजे हा इशारा टीकाकारांनी मागाहून दिलेला नाही. तो मोजमापाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

काय मोजले जाते

शेतकऱ्याने घरच्यासाठी पिकवलेला भात बाजारात गेला नाही तरी राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार त्याची किंमत धरून तो उत्पादनात मोजला जातो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे न दिलेले घरभाडेही हिशेबात येते. मात्र त्या भाताचा शिजवलेला भात, घरातल्या म्हाताऱ्यांची सेवा आणि मुलांचे संगोपन येत नाही. हेच काम पगारी माणसाने केले तर येते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवतात, असे आढळले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर राज्याचे प्रमाण ९२९ होते. मुले वाढवणे, म्हाताऱ्यांना सांभाळणे आणि लावणीपासून मळणीपर्यंतची शेती हा सारा भार जिथे प्रामुख्याने गावी राहिलेल्या बायकांवर आहे, तिथे मोजमापाबाहेर राहणाऱ्या श्रमाचा वाटाही साहजिकच मोठा असतो.

नियम आणि व्यवहार यांतही अंतर पडते. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळे) फोडून, साले मिठाच्या रसात पुन्हापुन्हा बुडवून व वाळवून आमसुले करतात. ती बचत गटाने पाकिटात भरून विकली की त्यांची नोंद होते. तीच आमसुले, थोडे कुळथाचे पीठ आणि फणसाची साठे यांच्यासह मुंबईला परतणाऱ्या लेकाच्या पिशवीत गेली, तर तत्त्वतः ती मोजायला हवीत, पण मोजणार कोण आणि कशी, हा प्रश्न उरतो. शिवाय जिल्ह्याच्या आकड्याचा बराचसा भाग स्थानिक नोंदींवरून उभा राहिलेला नसतो. सेवाक्षेत्रांपैकी अनेकांचा राज्याचा अंदाज कामगारसंख्येसारख्या निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटून दिला जातो. जिल्ह्याजिल्ह्यांतील बारीक फरकावरून क्रमवारी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

चाकरमानी आणि मनीऑर्डर

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या अर्थव्यवस्थेला अनेक पिढ्या ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हटले गेले. गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत काम करणाऱ्या चाकरमान्याने केलेले उत्पादन मुंबईच्या खात्यावर जमा होते. त्याने गावी पाठवलेले पैसे हे उत्पादन नसून हस्तांतरण असल्याने रत्नागिरीच्या उत्पादनात त्यांना जागा नाही. गावातले चिऱ्याचे घर, धाकट्या भावाचे शिक्षण, विहिरीवरचा पंप आणि गणपतीतला खर्च त्याच पैशांतून होत असतो. आता मनीऑर्डरची जागा बँकेने आणि मोबाइलने घेतली, पण हिशेबाचा नियम बदललेला नाही.

याची उलट बाजू १९८२ मध्ये दिसली. त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि त्यांत कोकणातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. पगार थांबले तसे गावी येणारे पैसे आटले आणि पुष्कळ कुटुंबांनी मुंबईतले बिऱ्हाड मोडून गावची वाट धरली. हा आघात कोकणातल्या चुलीपर्यंत पोचला, पण उत्पादन मुंबईत बुडाले असल्याने हिशेबाने त्याची नोंद मुंबईच्याच नावावर व्हायची. गावी परतलेल्या माणसांनी भाजक, म्हणजे लोकसंख्येचा आकडा, मात्र वाढवला.

भाजकाचा हा खेळ एरवी उलट दिशेने चालतो. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, तर रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ इतकी कमी झाली. तरुण माणूस गाव सोडून गेला की भाजक घटतो. त्याची शेती पड राहिली तरी जांभ्याच्या कातळावरच्या पडीत भातशेतीचे मूल्य फारसे नसल्याने भाज्यात, म्हणजे एकूण उत्पादनात, त्या मानाने घट होत नाही. परिणामी कोणाचेही काही सुधारलेले नसताना दरडोई आकडा वर जाऊ शकतो. कुलूपबंद घरांची वाडी अशा हिशेबाने प्रगतिपथावर असते.

पैसा येतो तसा जातोही. रत्नागिरीतील हापूसच्या बागांची राखण बऱ्याच ठिकाणी नेपाळहून आलेली माणसे करतात आणि मासेमारी नौकांवरही नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या श्रमाचे मूल्य रत्नागिरीच्या उत्पादनात येते, पण मजुरीतला मोठा भाग नेपाळातल्या घरी जातो. मुंबईत राबणाऱ्या कोकणी माणसाच्या बाबतीत जे घडत आले, तेच इथे कोकणाच्या अंगणात घडते.

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला राज्याची सीमा या गुंत्यात भर घालते. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतील अनेक तरुण रोज सकाळी दुचाकीवरून सीमा ओलांडून गोव्यातील कारखान्यांत व हॉटेलांत कामाला जातात आणि रात्री परत येतात. त्यांचे उत्पादन गोव्याच्या भाज्यात पडते, पण त्यांची गणना सिंधुदुर्गाच्या भाजकात होते. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशातील सर्वाधिक उत्पन्नांपैकी एक आहे आणि त्यामागे खनिज, औषधनिर्मिती व पर्यटन ही खरी कारणे आहेतच. तरी शेजारच्या राज्यातून येणारे हे हात त्या सरासरीला वरच नेतात. गंभीर दुखण्यासाठी याच भागातले रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात. त्यांच्या जीवनमानाचा एक महत्त्वाचा घटक असा शेजारच्या राज्यात असतो.

प्रकल्प आणि सरासरी

सरासरीचा दोष सर्वांनाच ठाऊक असतो, पण मोठ्या भांडवली प्रकल्पांच्या शेजारी तो किती टोकाला जातो, हे उदाहरणाशिवाय लक्षात येत नाही. हजार वस्तीचे एक काल्पनिक खाडीकाठचे गाव घेऊ. तेथील माणशी उत्पादन १ लाख रुपये, म्हणजे एकूण १० कोटी आहे. तेथे वर्षाला ५०० कोटी रुपयांचे मूल्यवर्धन करणारा वीजप्रकल्प आला आणि त्याने गावातील १०० जणांना वर्षाला ३ लाख रुपयांवर कामाला घेतले. गावाचे दरडोई उत्पादन ५१ लाख झाले. गावकऱ्यांच्या हाती नव्याने आलेले पैसे मात्र ३ कोटी, म्हणजे माणशी ३० हजार रुपये, आणि तेही शंभर घरांतच. अशा प्रकल्पातील मूल्यवर्धनाचा फार मोठा हिस्सा घसारा (यंत्रांची झीज), व्याज आणि नफा यांचा असतो व तो सावकार आणि भागधारक जिथे असतील तिथे जातो. आयर्लंडमध्ये २०१५ साली काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलवल्यावर देशाचे स्थूल उत्पादन एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. तेव्हा तेथील सांख्यिकी कार्यालयाला असे व्यवहार वगळून वेगळे सुधारित राष्ट्रीय उत्पन्न प्रसिद्ध करावे लागले. जिल्हा पातळीवर अशी दुरुस्ती आपल्याकडे होत नाही.

कोकणातील उत्तरेकडचे जिल्हे याच कारणाने दरडोई उत्पन्नात वर दिसतात. रायगडात न्हावा-शेवा बंदर, थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना आणि पाताळगंगा, तळोजा, रोहा, महाड येथील औद्योगिक वसाहती आहेत. त्याच रायगडातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन बायकामुलांसह बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. हंगामभर पाडलेल्या विटांचे मूल्य उत्पादनात धरले जाते. उचल फिटली की पुढच्या सालावर चढली, मुलांची शाळा किती महिने बुडाली, याला त्या हिशेबात रकाना नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याच्या एकाच सरासरीत ठाणे-नवी मुंबईची शहरे आणि कुपोषणासाठी वारंवार बातम्यांत येणारे जव्हार-मोखाडा हे तालुके एकत्र बसत होते, आणि तो जिल्हा राज्याच्या यादीत वरच्या क्रमांकांत असे. विभाजनाने ही अडचण मिटलेली नाही; पालघरातही तारापूरचे अणुवीज केंद्र व बोईसरची औद्योगिक वसाहत आणि डोंगरातले वारली पाडे यांची एकच सरासरी निघते.

झीज आणि नुकसान

स्थूल उत्पादनातला ‘स्थूल’ हा शब्द वाचक सहसा ओलांडून पुढे जातो. त्यातून यंत्रांचा घसारासुद्धा वजा केलेला नसतो, मग समुद्र आणि जमीन यांची झीज दूरच राहिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनसह अनेक गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून पीक धरायला पाच-सात वर्षे तरी जातात, म्हणजे त्या दिवशी कुटुंबांची पुढची कित्येक वर्षांची मिळकत कोसळली. राष्ट्रीय लेख्यात उभ्या झाडांचा असा नाश उत्पादनातून वजा होत नाही. पुढच्या वर्षांचे घटलेले सुपारीचे पीक तेवढे दिसते. छपरांवर नवे पत्रे चढवणाऱ्या सुताराची मजुरी मात्र अधिक बाजूला पडते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेतील डागडुजीचेही असेच. एप्रिल-मे महिन्यांत, तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पिऊन कोरड्या पडलेल्या कोकणातील वाड्यांना टँकर लागतो. त्याचे भाडेही उत्पादनच.

मासळीच्या बाबतीत हा दोष अधिक खोल जातो. मासळीचा थवा वेढून आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि प्रकाशझोत टाकून केलेल्या मासेमारीत तारली-बांगड्याची लहान पिल्लेसुद्धा उचलली जातात. विक्री झाली की त्या वर्षाचे उत्पादन वाढते, आणि साठा संपत चालल्याचे कुठेही नोंदले जात नाही. मालवण किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांत मासळी ठरलेल्या वाट्यांनी विभागली जाते. जाळ्याचा वाटा वेगळा आणि ओढणाऱ्यांचे वेगळे. टनाला टन सारखे धरले, तरी रापणीचा टन किती चुलींवर पोचतो आणि एका मोठ्या नौकेचा किती, हा फरक दरडोई आकड्याला कळत नाही.

आकड्याची उपयुक्तता

असे असले तरी दरडोई उत्पादन निरुपयोगी आहे, हे म्हणणे टिकणारे नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवल्याप्रमाणे, कमी उत्पन्नाच्या देशांत उत्पन्न वाढते तसे आयुर्मान झपाट्याने वाढते आणि वरच्या पातळीवर हा संबंध मंदावतो. करांचा पाया, रस्ते आणि दवाखाने उभारण्याची ऐपत यांचा अंदाज या आकड्यातून येतो, आणि दीर्घकाळ खुंटलेले उत्पादन ही स्वतःच एक तक्रार असते. कोकणातून माणसे बाहेर गेली, ती गावी उत्पादन नव्हते म्हणूनच. मनीऑर्डरीवर चाललेले घर उत्पादनाच्या आकड्याला दिसत नाही हे खरे, पण त्या घरातला कर्ता माणूस घरी नसतो हेही तितकेच खरे. सिंधुदुर्गाची साक्षरता २०११ मध्ये ८५.६ टक्के, राज्याच्या सरासरीपेक्षा अधिक होती. शिकलेल्यांना जवळपास काम नसणे ही त्याच नाण्याची दुसरी बाजू असून ती दरडोई उत्पादनात बऱ्यापैकी उमटते.

पूरक मापनांपैकी मानव विकास निर्देशांक १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने व अमर्त्य सेन यांच्या साह्याने आला. महाराष्ट्राने २००२ व २०१२ मध्ये जिल्हावार मानव विकास अहवाल काढले. नीती आयोगाचा २०२१ पासूनचा बहुआयामी गरिबी निर्देशांक पोषण, शालेय वर्षे, स्वयंपाकाचे इंधन, पिण्याचे पाणी अशा १२ निकषांवर घराघरांतील वंचना मोजतो. जोसेफ स्टिग्लिट्झ, सेन आणि झाँ-पॉल फिटुसी यांच्या आयोगाने २००९ मध्ये उत्पादनाऐवजी कुटुंबाचे उत्पन्न व उपभोग पाहावा आणि सरासरीसोबत मध्यकही (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावा, अशी शिफारस केली. कोकणाला ती विशेष लागू पडते, कारण घरात काय खर्च झाला असे विचारले की पैसा परळहून आला, पणजीहून आला की आखातातून, याने फरक पडत नाही. २०११-१२ नंतर निष्कर्ष प्रसिद्ध झालेले असे पहिले उपभोग सर्वेक्षण देशात २०२२-२३ मध्ये पार पडले. त्यातून राज्याचे चित्र मिळते. मंडणगड किंवा वैभववाडीसारख्या तालुक्याचे मिळण्याइतका नमुना त्यात नसतो. भाजकाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने जिल्ह्यांची लोकसंख्या अजून २०११ च्या पायावर अंदाजाने धरली जाते, आणि घटत्या लोकसंख्येच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी हा अंदाज किती बरोबर ठरला, हे २०२७ च्या जनगणनेचे आकडे आल्यावरच तपासता येईल.