हरणांनी पीक खाल्लं? वनविभागाकडे भरपाईचा अर्ज कसा करायचा

काळवीट, चितळ किंवा रोह्यांचा (नीलगायींचा) कळप एका रात्रीत कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे खुडून जातो. महाराष्ट्रात या नुकसानीची भरपाई वनविभाग देतो. रानडुक्कर, गवा, माकड, हत्ती यांनी केलेलं नुकसानही यात येतं. अर्ज सोपा आहे, पण बहुतेकांचं घोडं मुदतीत आणि पुराव्यात अडतं.

नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. फोनवर कळवण्यावर विसंबू नका. दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. सोबत चालू सातबारा, ८-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो जोडा. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पीकनोंदीत) सोयाबीन आणि शेतात तूर, असा फरक असेल तर अर्ज तिथेच अडकू शकतो.

त्यानंतर वन, कृषी आणि महसूल खात्याचे कर्मचारी १४ दिवसांत पंचनामा करतात. तोवर खाल्लेला भाग मोडून पुन्हा पेरू नका. पावसाने खुणा पुसल्या जातात, म्हणून पहिल्याच सकाळी पावलांचे ठसे, लेंड्या आणि खाल्लेली रोपं यांचे फोटो काढा, जवळ मोजपट्टी ठेवून. हरणांना वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे खुडलेला देठ फाटल्यासारखा दिसतो. सशाने खाल्लेला देठ तिरका आणि स्वच्छ कापलेला असतो. डुकराने जमीन उकरलेली असते. पंचनाम्यात गट नंबर, बाधित क्षेत्र आणि प्राण्याचं नाव बरोबर लिहिलंय का, हे वाचूनच सही करा. ‘अंदाजे’ लिहिलेलं क्षेत्र सहसा कमीच धरलेलं असतं.

वनजमिनीवरच्या अतिक्रमणातलं पीक, वन्यजीव गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती आणि ज्या कुटुंबाची चारपेक्षा जास्त गुरं जंगलात चरायला जातात ते कुटुंब, यांना भरपाई नाही. शेवटची अट अनेकांना माहीतच नसते. रकमेचे दर शासन निर्णयाने बदलतात, त्यामुळे चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारा.

कळप फार वाढला म्हणून मारायची मुभा मिळते का? काळवीट आणि चिंकारा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. पिकासाठी त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही. बांधावर थेट वीज सोडलेली तार लावली तर भरपाई राहिली बाजूला, गुन्हा दाखल होतो. रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये असल्याने याच कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवाना मागता येतो. मात्र परवाना हातात आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, आणि मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, मांस घरी नेता येत नाही.