चिलिंग : अर्थ आणि चेक प्रतिशब्द

‘चिलिंग’ हे इंग्रजी विशेषण ‘चिल’ या क्रियापदापासून बनले असून, त्याचा मूळ अर्थ ‘गार करणारे’ असा, तर रूढ लाक्षणिक अर्थ ‘थरकाप उडवणारे’ असा आहे. ‘कोल्ड’ आणि ‘कूल’ हे इंग्रजी शब्द त्याच्याच कुळातील असून, लॅटिनमधील हिमवाचक ‘गेलू’ हा शब्दही त्याच मुळाशी जोडला जातो. बोचरा वारा, शीतगृहातील मांस, तापातील हुडहुडी आणि खुनाची हकीकत या सर्वांसाठी इंग्रजीला हे एकच कूळ पुरते. चेक भाषेत मात्र हे अर्थ मुख्यतः तीन वेगवेगळ्या धातूंवर विभागले गेले आहेत, आणि त्यांतला नेमका धातू निवडणे हेच भाषांतराचे खरे काम असते. (चेक शब्द येथे त्यांच्या लेखनाला धरून देवनागरीत दिले आहेत.)

पहिला धातू ‘ख्लद’, म्हणजे गारवा. यंत्राने किंवा बर्फाने गार करण्याच्या सर्व क्रिया त्याच्याकडे जातात. शीतकपाट ‘ख्लद्निच्का’ आणि गार केलेली बिअर ‘विख्लझेने पिवो’. येथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अर्थ बदलतो : ‘ख्लदित्सी’ म्हणजे गार करण्यासाठी असलेले (उदा., वीजकेंद्रातील शीतलन मनोरा), तर ‘ख्लदीत्सी’ म्हणजे या क्षणी गार करीत असलेले. मराठी शुद्धलेखनाशी झगडलेल्या वाचकाला यातली अडचण वेगळी सांगायला नको. माणसाच्या स्वभावातला कोरडेपणाही ‘ख्लद’मध्येच येतो, ‘ख्लद्नोक्रेव्नी’ हा शब्द शांत डोक्याच्या माणसालाही लागतो आणि थंड डोक्याने केलेल्या खुनालाही. भीती मात्र या धातूत नाही. भयकथेला ‘ख्लदित्सी’ म्हटले, तर चेक वाचकाला ते एखादे यंत्र वाटेल.

भीतीसाठी चेक माणूस गारव्याच्या पुढे जाऊन थेट गोठणबिंदूपाशी पोचतो. ‘म्राझ’ म्हणजे हाडे गोठवणारी, पाण्याचे बर्फ करणारी थंडी. तिच्यापासून आलेले ‘म्रझिवी’ हे विशेषण ‘चिलिंग’चा सर्वांत जवळचा प्रतिशब्द होय, कारण ते पहाटेच्या हवेला आणि अत्याचारातून वाचलेल्याच्या साक्षीला सारख्याच सहजतेने लागते. ‘द्येसिवी’ (भीतिदायक) हा पर्याय कोशांत मिळतो, पण त्यात थंडीचा स्पर्श नसल्याने मूळ शब्दातले निम्मे बळ हरवते. ‘म्राझ मि ब्येहा पो झादेख’, म्हणजे ‘माझ्या पाठीवरून हिमाची थंडी धावते’, हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यातला आहे. त्याच्याच जोडीला ‘तुह्ने क्रेव व झिलाख’, म्हणजे शिरांतले रक्त घट्ट होते, असेही म्हणतात. यातील क्रियापद चुलीवरून उतरवलेल्या खिरीच्या घट्ट होण्यालाही वापरतात. मराठीतील ‘थिजणे’ अगदी असेच आहे : हिवाळ्यात वाटीतले तूप थिजते आणि भीतीने माणूसही थिजतो. त्यामुळे मराठी भाषांतरकाराला या ठिकाणी इंग्रजीपेक्षा चेक अधिक जवळची वाटते.

या अर्थजोडणीला शरीराचा आधार आहे. थंडीत आणि भीतीत अनुकंपी चेतासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे हातपाय गार पडतात; केसांच्या मुळांशी असलेले बारीक स्नायू आखडून केस उभे राहतात. मराठीत याला काटा येणे म्हणतात, तर चेकमध्ये ‘हुसी कूझे’, म्हणजे हंसिणीची कातडी.

तिसरा धातू ‘झिमा’, म्हणजे हिवाळा तसेच थंडी. थंडी वाजून येणाऱ्या तापाच्या हुडहुडीला त्यावरून ‘झिम्नित्से’ म्हणतात. संस्कृतातील ‘हिम’ आणि ‘हेमन्त’ हे शब्द या धातूचे सगोत्र आहेत.

कायद्याच्या भाषेत ‘चिलिंग इफेक्ट’ म्हणजे शिक्षेच्या धास्तीने नागरिकांनी वैध भाषणही टाळणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये डोंब्रोवस्की खटल्यात ही संज्ञा वापरली. फेसबुकवरील मजकुरावरून पालघर येथे २०१२ मध्ये झालेल्या अटकांनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ २०१५ मध्ये रद्द करताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही तिचा आधार घेतला. चेक विधिलेखनातील ‘ओद्रझुयीत्सी ऊचिनेक’, म्हणजे परावृत्त करणारा परिणाम, या पर्यायात थंडी उरतच नाही. अर्थ अचूक आहे, पण अंगावरचा शहारा गेलेला आहे.

निवांत बसणे या अर्थाचे ‘चिल’ तरुण चेक लोकांनी ‘चिलोवत’ या रूपात उचलले आहे, जरी त्यांच्या भाषेतील जुन्या ‘चिली’ या विशेषणाचा अर्थ चपळ, उत्साही असा आहे.