गणवेशाचं कापड माणसाला कसं वाचवतं?

गणवेशामुळे माणूस लांबूनच ओळखू येतो आणि लोक त्याचं ऐकतात. मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बिकमन यांच्या १९७४ च्या प्रयोगात साध्या कपड्यांतल्या, दूधवाल्याच्या आणि पहारेकऱ्याच्या वेशातल्या माणसांनी रस्त्यावरच्या लोकांना सारख्याच सूचना दिल्या. सर्वांत जास्त ऐकलं गेलं ते पहारेकऱ्याचं. पण धोक्याच्या कामात ओळख दुय्यम ठरते. तिथे जीव वाचतो तो कापडाचा रंग, धागा आणि शिवण यांमुळे.

रस्त्यावर काम करणाऱ्यांचं पोपटी जॅकेट घ्या. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. जॅकेटमधला फ्लुओरेसंट रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश शोषतो आणि तीच ऊर्जा या हिरवट-पिवळ्या पट्ट्यात बाहेर टाकतो. म्हणून ढगाळ हवेत किंवा तिन्हीसांजेला बाकीचे रंग मलूल होतात, तेव्हाही हे जॅकेट उठून दिसतं. रात्री मात्र हा रंग कामाचा नाही, कारण गाडीच्या दिव्यात अतिनील किरण जवळपास नसतातच.

रात्रीचं काम चंदेरी पट्टीचं. तिच्यात काचेचे बारीक मणी बसवलेले असतात. मण्यात शिरलेला प्रकाश वळतो, मागच्या परावर्तक थरावर आपटतो आणि जिथून आला त्याच दिशेला परततो. चालकाचे डोळे दिव्यांच्या जवळपास असल्याने त्याला पट्टी झगझगीत दिसते, तर बाजूला उभ्या असलेल्याला ती करडीच वाटते. त्यामुळे पट्टी तपासताना टॉर्च कानशिलाला लावून धरावा. हात लांब करून टॉर्च मारला, तर चांगली पट्टीसुद्धा निकामी वाटेल.

लांबून ठळक दिसणाऱ्या कपड्यांसाठीच्या आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर हवी. सर्वांत वरच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या कपड्यात किमान ०.८० चौरस मीटर फ्लुओरेसंट कापड आणि ०.२० चौरस मीटर पट्टी लागते. हातापायांवर पट्ट्या असण्यामागचं कारण फार सुंदर आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की अंधारात फक्त सांध्यांवरचे प्रकाशबिंदू दिसत असले, तरी ते हलू लागताच हा चालणारा माणूस आहे हे आपण क्षणात ओळखतो. स्थिर बिंदूंवरून काहीच बोध होत नाही. नुसत्या छातीवरची पट्टी चालकाला एखाद्या फलकासारखी वाटू शकते. हलणारा हात म्हणजे माणूसच. आणि जॅकेटची चेन उघडी ठेवली किंवा पाठीवर बॅग अडकवली, की हा सगळा हिशेब कोलमडतो.

शस्त्रक्रियागृहातला हिरवा रंगही डोळ्यांसाठीच. बराच वेळ रक्ताकडे पाहिल्यावर पांढऱ्या कापडावर हिरवट छाया तरळते. हिरव्या कापडावर ती जाणवत नाही.

उष्णतेच्या कामात धाग्याला महत्त्व. पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि कातडीला चिकटून भाजत राहतं. सुती कापड वितळत नाही, पण पेट घेतं. म्हणून वेल्डिंगला ज्वालारोधक प्रक्रिया केलेलं सुती कापड किंवा चामडं वापरतात. पँटचे पाय दुमडायचे नाहीत, खिशाला झाकण हवंच. नाहीतर ठिणग्या तिथेच साठतात. वर ज्वालारोधक शर्ट आणि आत नायलॉनचं बनियन हा तर घातक मेळ, कारण बाहेरचं कापड जळालं नाही तरी आतलं वितळू शकतं.

अग्निशामकाच्या कोटात तीन थर असतात: बाहेर आग सोसणारं अरामिड या कृत्रिम धाग्याचं कापड, मध्ये पाणी अडवणारा पडदा, आत उष्णतारोधक अस्तर. खरं रक्षण अस्तरात अडकलेली हवा करते. श्वसनसंचाचे पट्टे खांद्यावर दाबले जातात तिथली हवा निघून जाते, म्हणून तिथे भाजण्याची भीती जास्त. घामाने अस्तर ओलं झालं तरी तेच होतं, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं.

एवढं करून कपडे बिघडतात ते बहुतेकदा धुलाईत. फॅब्रिक सॉफ्टनरचा पेट घेणारा थर ज्वालारोधक कापडावर राहतो. क्लोरीनच्या ब्लीचने अरामिड कमजोर होतं. फ्लुओरेसंट रंग उन्हात विटतो, म्हणून पोपटी जॅकेट सावलीतच वाळवावं. किती धुण्यांपर्यंत कपडा भरवशाचा, हे लेबलवर छापलेलं असेल तर प्रत्येक धुण्याची नोंद ठेवावी आणि आकडा गाठला, की कपडा दिसायला नवा असला तरी कामावरून काढावा.