नोटा छापून देशाचं कर्ज फिटतं का?

‘देश कर्जात बुडाला तर नोटा छापून मोकळं व्हावं,’ हा मेसेज आमच्या यवतमाळकडच्या गावांत वर्षानुवर्षं फिरतो. शंका रास्तच आहे. पण बाहेरचं कर्ज बहुतेक डॉलरमध्ये असतं, अन् डॉलर आपल्या छापखान्यात निघत नाहीत. गावच्या दुकानदाराची चिठ्ठी गावात चालते, ठोक व्यापारी रोखच मागतो. जास्तीच्या नोटा देऊन डॉलर घ्यायला गेलं की डॉलरच महागतो, मग डिझेल, खतही. १९९१ मध्ये आपण परदेशात सोनं गहाण ठेवलं, ते डॉलर अपुरे पडले म्हणूनच. म्हणून असे देश धनकोंशी बोलून मुदतवाढ, सूट मागतात. १९५३ मध्ये पश्चिम जर्मनीचं जवळपास निम्मं कर्ज असंच माफ झालं. पडताळायचं असेल तर सरकारचा परकीय कर्जाचा अहवाल उघडा, कोणतं कर्ज कोणत्या चलनात आहे ते त्यात दिलेलं असतं.